बास्क झेंड्याचा तपास

ती घटना आजही आठवते, आणि आठवताना मी दर वेळी तक्रारीच्या चार दिवस आधीपासून सुरुवात करते. त्या गुरुवारी सकाळी मी गावातल्या बास्क हॉलच्या दारात युनिफॉर्ममध्ये उभी राहून पाच मिनिटं बोलले आणि परत गाडीत जाऊन बसले. नोंद केली, 'मिरवणुकीचा मार्ग ठरला'. त्या पाच मिनिटांत आणखी काही घडलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

आयडाहोमधल्या एका छोट्या गावाच्या पोलीस खात्यात मी आठ वर्षं होते. निवृत्त म्हणवून घ्यायचं माझं वय नाही, नोकरी सोडून दोन वर्षं झाली एवढंच. पुण्याहून आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिथली शाळा इंग्रजी माध्यमाची आणि इथली तर इंग्रजीच, त्यामुळे 'जबाब', 'पंचनामा' हे शब्द मी नोकरी लागल्यावर आईकडून शिकले. आईबाबा सिएटलजवळ बॉथेलला राहतात. बाबांच्या मित्रांच्या मुली सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोटेकमध्ये आहेत. मी पोलिसात गेले याचं लोकांना नवल वाटायचं, कारण मी लहानपणापासून कमी बोलणारी. पण युनिफॉर्म आवडायचं खरं कारण तेच होतं. तो घातला की आपली ओळख करून द्यावी लागत नाही. समोरचा माणूसच बोलायला लागतो.

आमच्या गावात बास्क लोक बरेच आहेत. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतून त्यांचे पूर्वज इथे मेंढ्या राखायला आले. आता नातवंडांची रँचेस आहेत, दुकानं आहेत, आणि मेंढ्या राखायला माणसं पेरूहून येतात. त्यांचा एक जुना विटांचा हॉल आहे. जुलैत त्यांची मोठी पिकनिक असते. सकाळी मिरवणूक, दुपारी लांबलचक टेबलांवर जेवण, मग नाच. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे झेंडा.

सोमवारी सकाळी हॉल चालवणाऱ्या बास्क क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. साठीचे गृहस्थ, टायरचं दुकान चालवणारे. म्हणाले, "ऑफिसर, झेंडा गेला."

मी गेले. हॉलच्या भिंतीवर काच लावलेली मोठी लाकडी चौकट होती आणि आत काही नव्हतं. मागचा पुठ्ठा तेवढा दिसत होता. काच फुटलेली नव्हती. बाजूला छोटी कडी, तिला कुलूप कधीच नव्हतं. हॉलच्या दाराची किल्ली दोघांकडे, अध्यक्ष आणि केअरटेकर. मी फोटो काढले, मापं घेतली, कडीवरचे ठसे घेतले. त्यावर अर्ध्या गावाचे ठसे होते.

"झेंडा कसा होता?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. बहुतेक, इतकी वर्षं या गावात राहून हिला माहीत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"लाल. त्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी हिरवी फुली. तिच्यावर पांढरा क्रॉस."

"म्हणजे ब्रिटिश झेंड्यासारखा?"

"हे इथे दुसऱ्या कुणाला विचारू नका," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि नीट सांगायला लागले. दर वर्षी शाळेच्या मुलांना सांगत असल्यामुळे त्यांना ते पाठ होतं. तो झेंडा फार जुना नाही. सव्वाशे वर्षांच्या आसपासचा, बिल्बाओमधल्या दोन भावांनी काढलेला. काढला तो बिस्काया या एकाच प्रांतासाठी, पण पुढे सगळ्या बास्क लोकांनी आपला मानला. लाल म्हणजे तिथली माणसं. हिरवी फुली म्हणजे गेर्निका गावातला ओकचा वृक्ष. त्या झाडाखाली पूर्वी पंच बसायचे, आणि राजा आला तरी त्याला तिथे उभं राहून आमचे कायदे पाळीन अशी शपथ घ्यावी लागायची. म्हणून हिरवा म्हणजे कायदा. पांढरा क्रॉस म्हणजे देव.

"क्रम महत्त्वाचा आहे," ते म्हणाले. "खाली माणसं, माणसांवर कायदा, कायद्यावर देव. स्पेनच्या हुकूमशहाच्या राज्यात जवळजवळ चाळीस वर्षं बंदी होती या झेंड्यावर. घरात सापडला तर तुरुंग. आमचा झेंडा त्या काळात तिकडे शिवलेला, लपवून इथे आणलेला. दुसरे दहा विकत मिळतील. हा मिळणार नाही."

मला अशा गोष्टी ऐकायला आवडतात. ऐकताना मला बोलावं लागत नाही, आणि कापडाच्या एका तुकड्यात इतकं काही भरलेलं असतं याचं कुतूहल वाटतं. पण तक्रारीच्या फॉर्मवर मी एवढंच लिहिलं: झेंडा, कापडी, एक.

दुपारी स्टेशनवर एक निनावी फोन आला. गुरुवारी संध्याकाळी केअरटेकरला मागच्या दाराने मोठं बोचकं घेऊन जाताना पाहिलं, असं सांगून फोन ठेवला. निनावी फोनबद्दलचा माझा अनुभव असा, की त्यात बहुधा पाहिलेलं खरं असतं आणि त्याचा लावलेला अर्थ खोटा असतो. हे मी तेव्हाही जाणत होते. तरी मी त्याला बोलावलं.

केअरटेकर पन्नाशीचा, पेरूचा माणूस. डोंगरात मेंढ्या राखायला आला, गुडघे गेल्यावर हॉल सांभाळायला लागला. त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज सरकारकडे मंजुरीसाठी पडून होता. मराठी वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. मी बारा वर्षांची असताना आमचाही अर्ज तसाच पडून होता, आणि बाबा तेव्हा रिकाम्या रस्त्यावरसुद्धा स्पीड लिमिटच्या खाली गाडी चालवायचे. या माणसावर चोरीचा आरोप लागला, नुसती अटक झाली तरी, अर्जावर ते कायमचं चिकटणार होतं.

जबाबाची आमची खोली छोटी होती. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर कॅमेरा. मी त्याला पाण्याची बाटली दिली, त्याचे हक्क वाचून दाखवले. त्याने बाटली उघडली नाही.

"गुरुवारी संध्याकाळी बोचक्यात काय होतं?"

"टेबलक्लॉथ. धुवायचे."

"कुठे नेलेस?"

"आजींच्या घरी. त्या धुतात, इस्त्री करतात. पिकनिकच्या आधी नेहमी."

"चौकट रिकामी दिसली नाही तुला?"

"दिसली. वाटलं, अध्यक्षांनी पिकनिकसाठी काढला असेल."

"त्यांना विचारलं का नाहीस?"

"ऑफिसर, मी झाडू मारतो. मी अध्यक्षांना प्रश्न विचारत नाही."

मी तेच प्रश्न तीन वेळा, उलटसुलट करून विचारले. तीनही वेळा त्याने तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी काहीतरी भर घालतो, आपल्याला पटावं म्हणून. हा घालत नव्हता. मला ते दिसत होतं. पण रिपोर्टमध्ये 'मला दिसतं' असं लिहिता येत नाही.

बाहेर आले तर सार्जंट कॉफी घेऊन उभे. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस. "काय म्हणतो?"

"टेबलक्लॉथ."

"आणि तुझं म्हणणं?"

"मला वाटतं तो खरं बोलतोय."

"मग टेबलक्लॉथ मोज," ते म्हणाले. "पण लवकर मोज. अध्यक्षांनी त्याला आजपासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. शनिवारपर्यंत काही मिळालं नाही तर फाइल मला सरकारी वकिलाकडे पाठवावी लागेल, आणि ती वाचून त्यांना एकच नाव दिसेल."

आजी म्हणजे नव्वदीच्या जवळच्या बाई, हॉलपासून दोन घरं सोडून राहणाऱ्या. नवरा मेंढपाळ होता, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मंगळवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या आठवड्यात डोंगरात आगी लागल्या होत्या आणि गावावर धूर बसला होता. आकाश राखेच्या रंगाचं, दिवसाही गाड्यांचे दिवे लागलेले.

त्यांनी दार उघडलं, माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. आत बोलावलं, बसवलं, कॉफी दिली. टेबलावर लाल टेबलक्लॉथ, त्यावर पाव, चीज, बश्या. खुर्चीवर इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडांच्या घड्यांची चळत. पडदे हिरव्या पट्ट्यांनी बाजूला बांधलेले. मी झेंड्याबद्दल विचारलं.

"माझ्याकडे कापड आहे," आजी म्हणाल्या. "धुणं आहे. घर बघायचं तर बघा."

मी त्यांची परवानगी लिहून घेतली आणि दोन्ही खोल्या पाहिल्या, कपाट, पेटी, पलंगाखाली. झेंडा नव्हता. परत येऊन कॉफी संपवली. त्या सगळा वेळ हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. शाळेतल्या तपासणीला मुलं बसतात तशा. एवढ्या वयाच्या बाईंनी माझ्यासमोर असं बसावं याने मला अवघडल्यासारखं झालं. पण का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

बुधवारी आई आली. माझ्याकडे येताना ती आपलं काम बरोबर आणते. त्या वेळी एका जांभळ्या साडीचा फॉल उसवायला घेतला होता. दुकानदाराने न धुतलेला फॉल लावला आणि पहिल्याच धुण्यात तो आटला, त्यामुळे साडी खाली गोळा व्हायला लागली, हे तिने मला दोनदा सांगितलं.

"तुझं काय चाललंय? कोण पळालं?"

"झेंडा."

"कुणाचा?"

मी तिला थोडक्यात सांगितलं. नावं सोडून. लाल, हिरवा, पांढरा, माणसं, कायदा, देव.

"बाई बाई, झेंडा कोण चोरतं? विकायला गेला तर कोण घेणार? गळ्यात तर घालता येत नाही." तिने ब्लेडने टाका कापला आणि दोरा ओढला. कच्च्या टाक्यांचा दोरा सरसर निघून आला. "हे बघ, उलट्या बाजूला फॉल होता तिथला रंग बघ. असा होता हा जांभळा. बाकीची साडी बघ, उन्हाने काय झालीय. तुला दाखवते म्हणून नाही, पण मी किती वेळा सांगते, साड्या गॅलरीत वाळत घालू नका..."

मी साडीकडे बघत होते. फॉल निघाला होता त्या जागी एक सरळ गडद पट्टा होता आणि त्याच्या कडेने टाक्यांची बारीक भोकं.

आजींच्या लाल टेबलक्लॉथवर मी असाच एक गडद पट्टा पाहिला होता. पावाच्या टोपलीखालून निघून कोपऱ्याकडे तिरका गेलेला. खिडकीच्या चौकटीची सावली असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. पण मंगळवारी धूर होता. सूर्य दिसतच नव्हता, मग सावली कसली?

"आई, मी येते जरा जाऊन."

"अगं, वरण लावलंय."

"तासाभरात येते."

आमच्या खात्यात लोकांशी बोलताना छातीवरचा कॅमेरा चालू ठेवावा लागे. स्टेशनवर जाऊन मी मंगळवारचं रेकॉर्डिंग लावलं. लाल टेबलक्लॉथ, विटकरी होत आलेला लाल, आणि त्यात दोन तिरके आणि एक सरळ पट्टा गडद लाल. उरलेला पट्टा बश्यांखाली. पडद्यांना बांधलेल्या हिरव्या पट्ट्या चार. मी झेंड्यावर कोपर टेकवून कॉफी प्यायले होते.

मग मी आधीच्या गुरुवारचं रेकॉर्डिंग काढलं. हॉलच्या दारातली ती पाच मिनिटं. दारात मिरवणुकीचं काम बघणारा स्वयंसेवक उभा आहे. माझा आवाज येतो: "पुढे कोणता झेंडा असेल? तो मोठा, भिंतीवरचा? किती जण धरणार? मला तो बघावा लागेल." रस्ता किती वेळ अडवायचा एवढंच मला ठरवायचं होतं. स्वयंसेवकाच्या मागे, हॉलच्या टोकाला, एक म्हातारी बाई नॅपकिनच्या घड्या घालत बसलेली दिसते. 'झेंडा' हा शब्द येतो तशी ती मान वर करते. माझ्याकडे बघते. हातातला नॅपकिन खाली ठेवते, उठते, आणि भिंतीच्या बाजूला चित्रातून बाहेर जाते. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नाही. माझंही नाही.

मी ते चार वेळा पाहिलं. मग घरी जाऊन वरणभात खाल्ला.

गुरुवारी सकाळी मी सार्जंटना सगळं दाखवलं आणि साध्या कपड्यांत जायची परवानगी मागितली. निघताना आईने डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले. "म्हाताऱ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये," ती म्हणाली. "नियमात बसत नसेल तर मी दिले म्हणून सांग."

आजींनी दार उघडलं. माझ्या अंगावर साधा कार्डिगन होता. त्यांनी मला ओळखलं नाही. मी डबा पुढे केला आणि आईने दिलेत म्हणून सांगितलं. त्यांनी लाडू हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला, मग अर्धा खाल्ला, अर्धा मला दिला.

टेबलावर लाल कापड तसंच होतं. मी झेंड्याबद्दल विचारलं नाही. एका गडद पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हटलं, "ही फार बारीक टाक्यांची भोकं आहेत. कुणी घातले?"

आजी हसल्या. "बारीक नाहीत. लांब आहेत. लांबच घालायचे. आणि शेवटी गाठ मारायची नाही."

"का?"

त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "एक दोरा ओढला की सगळं निघालं पाहिजे."

मग त्यांनी सांगितलं. त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. शेजारच्या तिघीजणी. लाल कापड एकीच्या टेबलावर, हिरव्या पट्ट्या दुसरीच्या पडद्यांना, पांढऱ्या तिसरीच्या कपाटात, चादरींच्या घड्यांत. घरात लाल कापड असणं गुन्हा नव्हता. हिरवं किंवा पांढरं असणंही गुन्हा नव्हता. तिन्ही एकत्र टाचली की गुन्हा. सणाच्या आदल्या दिवशी टाचायचे, पहाटे चर्चच्या मनोऱ्यावर लावायचे, आणि शिपाई वर चढायच्या आत एकीने खेचून आणलेलाच असायचा. दारावर थाप पडली की दोरा ओढायचा. शिपाई आत येईपर्यंत टेबलावर टेबलक्लॉथ, वर पाव.

"आमच्या घरी पाच वेळा झडती झाली," त्या म्हणाल्या. "त्यांना कधी सापडला नाही. टेबलावरच बसून आमची वाइन प्यायचे. इथे येताना तोच मी बरोबर आणला."

मी कोपर टेबलावरून उचललं.

"आणि आता मागच्या गुरुवारी पुन्हा आला होता एक," आजी आवाज खाली आणून म्हणाल्या. "हॉलवर. बंदूक लावून. झेंडा कुठला, कोण धरणार, मला बघायचाय, म्हणत होता. माझे हात आता थरथरतात, पण दोरा एका ओढीत निघाला. धुण्यात टाकून दिला. त्या पेरूवाल्याने आणून दिला बिचाऱ्याने, त्याला काही माहीत नाही. मंगळवारी तो शिपाई इथेही आला. पलंगाखाली बघून गेला." त्या मिस्कील हसल्या. "कॉफी प्यायला त्याच्यावरच."

तपासात कबुली मिळते तो क्षण अधिकाऱ्याला बरा वाटतो. मला वाटला नाही. तो शिपाई मीच होते, हे सांगावं की न सांगावं हे मला कळेना. शेवटी मी एवढंच म्हटलं, "आजी, त्या पेरूवाल्यावर आळ आलाय. झेंडा त्यानेच नेला म्हणतात."

त्यांचा चेहरा बदलला. कुठलं वर्ष, कुठला देश, हे त्यांच्या मनात मागेपुढे होत असावं, पण कुणी निरपराध माणूस अडकलाय हे मात्र लगेच कळलं. त्या उठल्या. पडद्यांच्या हिरव्या पट्ट्या सोडल्या, चळतीतून पांढऱ्या काढल्या, सुईदोऱ्याचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"दोरा ओवून दे," म्हणाल्या. "मला दिसत नाही."

त्याच दुपारी मी अहवाल लिहिला. चोरी झालेली नाही, तक्रार निराधार, वस्तू मालकाकडेच. केअरटेकरला मी स्वतः फोन केला आणि सांगितलं की त्याच्या नावावर काहीही राहणार नाही. तो म्हणाला, "ऑफिसर, मी तुम्हाला टेबलक्लॉथ म्हणालो होतो."

"हो. तीन वेळा."

अध्यक्षांना सांगणं जास्त अवघड गेलं. चाळीस वर्षं ते त्या झेंड्याचा इतिहास सांगत होते, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. आजींना कुणी विचारलंच नव्हतं. आधी ते म्हणाले की आता तो मशीनवर पक्का शिवून घेऊ. मग स्वतःच म्हणाले, "नको." संध्याकाळी ते केअरटेकरच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण शनिवारी मिरवणुकीत झेंड्याची काठी केअरटेकरच्या हातात होती.

मला त्या दिवशी मुख्य चौकात रस्ता अडवायची ड्यूटी होती. युनिफॉर्म, पट्टा, टोपी, सगळं. ड्यूटी बदलून मागायचा विचार केला होता, पण माणसं कमी होती. धूर विरळ झाला होता. ढोल ऐकू आले. पुढे केअरटेकर, त्याच्या बाजूला व्हीलचेअरमध्ये आजी. लाल, त्यावर हिरवं, त्यावर पांढरं, जागोजागी लांब लांब टाके. झेंड्याच्या खालच्या कोपऱ्यातून दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं, आणि ते आजींच्या मुठीत होतं.

त्या चौकाच्या जवळ आल्या आणि त्यांना मी दिसले. त्यांची मूठ आवळलेली मला लांबून दिसली.

मिरवणुकीच्या बंदोबस्तात अधिकाऱ्याने ट्रॅफिककडे तोंड करून उभं राहायचं असतं. बहुतेक जण वळून मिरवणूक बघतात, मीही बघायचे. त्या दिवशी मी नियम पाळला. झेंड्याकडे पाठ केली, थांबलेल्या गाड्यांकडे पाहत हात वर धरला आणि ढोल पाठीमागून पूर्ण पुढे जाईपर्यंत तशीच उभी राहिले. जेवणाच्या वेळी केअरटेकर माझ्याकडे बशी घेऊन आला आणि म्हणाला, चौक ओलांडल्यावर आजींनी दोरा न ओढताच सोडून दिला.

या केसने काय शिकवलं असं मला विचारलं तर उत्तर लहान आहे. अबोल माणसाला युनिफॉर्म फार सोयीचा असतो, कारण तो आपल्याऐवजी बोलतो, असं मी तोवर समजत होते. तो बोलतो हे खरं. पण काय बोलतो, ते ऐकणारा ठरवतो, आणि त्याने आधी कुठल्या दारात, कुणाकडून काय ऐकलंय ते आपल्याला माहीत नसतं. त्यानंतर मी कुणाच्याही घरी गेले की टोपी काढून हातात धरायचे आणि आधी स्वतःचं नाव सांगायचे. मला ते शेवटपर्यंत जड गेलं. पण मी ते सांगत राहिले.